हिरवा ठिपका

प्रणिता सोनटक्के नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली त्याला सतरा वर्षं झाली होती, आणि त्यातली सोळा वर्षं ती एकच अर्ज करत होती. जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात माझ्या बेचाळीस विद्यार्थिनी प्रत्यक्ष कामाला जातात, तीन वॉर्डांत विखुरलेल्या असतात, आणि त्यांच्याकडे बघायला मी एकटी आहे; आणखी दोन शिक्षिका द्याव्यात. दर वर्षी अर्जाची पोच यायची. शिक्षिका कधी आल्या नाहीत. सतराव्या वर्षी पट्टे आले.

खोक्यात बेचाळीस पट्टे होते, राखाडी, घड्याळासारखे, पण मनगटाऐवजी कोपराच्या वर बांधायचे, म्हणजे हात धुताना आड येत नाहीत. नाव होतं ‘सोबत’. बरोबर प्रणितासाठी एक टॅब, आणि प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावायला एक फलक. फलकावर जितक्या मुली ड्युटीवर तितके ठिपके. मुलगी ठीक असेल तर ठिपका हिरवा. तिला आधाराची गरज वाटू लागली की पिवळा. लाल झाला की प्रणिताच्या टॅबवर घंटा वाजायची, आणि ती असेल तिथून तिकडे धावायची.

यामागचं विज्ञान प्रणिताने मुलींना पहिल्याच दिवशी फळ्यावर समजावून सांगितलं. आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होत असतं, आणि माणूस निवांत असताना ते जास्त बदलतं. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, ठोके वाढतात, त्यांच्यातली ती मोकळी ढिलाई जाते. हाताला डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर सुटते. आवाज अर्धा सूर वर चढतो. पट्टा या तिन्ही गोष्टी एकत्र वाचतो. हजारो विद्यार्थिनींच्या लाखो तासांच्या नोंदींवरून तो शिकलेला आहे, त्यामुळे मुलगी गोंधळली आहे हे तो ती स्वतः ओळखायच्या आधी ओळखतो.

“म्हणजे मॅडम, आपण काही बोलायचंच नाही?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं.

“बोलायला जमत नाही, हीच तर अडचण असते ना,” प्रणिता म्हणाली.

हे ती अनुभवावरून बोलत होती. विसाव्या वर्षी, शिकाऊ असताना, एका बाळाला नळीतून दूध पाजताना ती अर्धा तास नुसती उभी होती. नळी बरोबर जागी आहे की नाही याची खात्री नव्हती, आणि सिस्टरला विचारायची हिंमत नव्हती. त्या बाळाला काही झालं नाही. पण तो अर्धा तास तिला अजून आठवायचा. तेव्हा असा पट्टा असता तर, असं तिला मनापासून वाटलं.

आरोग्य संचालनालयाने पट्ट्यांबरोबर एक कामही दिलं. मार्चपर्यंत वापरून बघा, आणि प्रत्यक्ष कामात शिकताना विद्यार्थिनींना मिळणाऱ्या आधाराचं मूल्यमापन करून अहवाल पाठवा. राज्यातल्या बाकी कॉलेजांना पट्टे द्यायचे की नाही, हे त्या अहवालावर ठरणार होतं.

ऋतुजा आडे तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. पुसदकडच्या एका तांड्यावरची मुलगी. अंगाने बारीक, बोलणं कमी, अभ्यासात पहिल्या पाचांत. तिच्या तांड्यावरून नर्सिंगला आलेली ती पहिलीच. लेबर रूममध्ये बाईला कळा सुरू झाल्या की ऋतुजा तिच्या डोक्याशी उभी राहायची आणि कपाळावरचे केस मागे सारत राहायची. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. पाठीत दुखत असेल तिथे तिचा हात बरोबर जायचा. प्रणिताला ती आवडायची, आणि आवडते हे ती लपवायचीही नाही.

पण पहिल्या दोन महिन्यांत ऋतुजाचा ठिपका सारखा पिवळा व्हायचा. आठवड्यातून चारपाच वेळा लाल. प्रणिता धावत जायची, आणि ऋतुजा सगळं व्यवस्थित करत असायची. फक्त घाबरलेली असायची. प्रणिता शेजारी उभी राहिली, “बरोबर चाललंय, कर पुढे” म्हणाली, की पाच मिनिटांत ठिपका हिरवा.

एकदा असंच तिच्याकडे गेलेली असताना तिकडे दुसऱ्या वॉर्डात एका मुलीने सलाईनची सुई चुकीची लावली आणि त्या बाईचा हात सुजला. प्रणिताला तिथले बोल ऐकावे लागले. संध्याकाळी जिन्यात ऋतुजा भेटली, तेव्हा प्रणिता थकलेली होती.

“ऋतुजा, तुझी हाक जरा फार जाते गं,” ती म्हणाली. “येतं तुला सगळं. मला बाकीच्या एकेचाळीस जणींकडेही बघायचं असतं.”

“सॉरी, मॅडम,” ऋतुजा म्हणाली.

“सॉरी काय त्यात? जरा स्वतःवर विश्वास ठेव, एवढंच.”

बोलणं इतकंच झालं. रागाचा स्वर नव्हता. प्रणिता घरी गेली आणि ते विसरूनही गेली.

पुढच्या महिन्यापासून ऋतुजाचा ठिपका हिरवा राहू लागला. एक आठवडा, दोन आठवडे, मग महिनेच्या महिने. प्रणिताला आनंद झाला. अहवालाच्या कच्च्या मसुद्यात तिने एक परिच्छेद लिहिला: ‘विद्यार्थिनी क्रमांक सत्तावीस हिला सुरुवातीला वारंवार आधार लागत असे. वेळेवर मिळालेल्या आधारामुळे ती आता पूर्णपणे स्वावलंबी झाली आहे.’ बाकीचे आकडेही चांगले होते. लाल ठिपक्याजवळ मदत पोहोचायला सरासरी दोन मिनिटं दहा सेकंद. मुलींच्या चुका निम्म्यावर. आधार वेळेवर मिळाल्याचं प्रमाण चौऱ्याण्णव टक्के.

एक बदल मात्र कोणी मुद्दाम न करता झाला होता. पूर्वी वॉर्डातल्या सिस्टर दर थोड्या वेळाने मुलींच्या पाठीशी येऊन डोकावून जायच्या. आता त्या फलकाकडे बघायच्या. लेबर रूममध्ये एका पाळीला दोन सिस्टर असत, त्यातली एक दुसरीकडे हलवली गेली. फलक होता ना.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, अश्विनी तायडे नावाची बाई बाळंत झाली. वय पंचवीस, दुसरी खेप, मुलगी झाली. सगळं सुरळीत. वार पूर्ण पडली, टाके लागले नाहीत. पुढचे दोन तास तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, आणि पोटावर हात ठेवून पिशवी आवळलेली आहे ना ते बघायचं. बाळंतपणानंतर गर्भपिशवी मुठीसारखी घट्ट आवळते, म्हणून आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात. ती सैल पडली तर रक्त थांबत नाही. हे काम ऋतुजाकडे होतं. ड्युटीवरच्या बेबी सिस्टर, म्हणजे बेबीताई लोखंडे, पडद्यापलीकडे दुसऱ्या बाईची प्रसूती बघत होत्या.

साडेअकराच्या तपासणीला ऋतुजाच्या हाताला पोट मऊ लागलं. तिने शिकवल्याप्रमाणे पिशवी चोळायला सुरुवात केली. चादर उचलून बघितलं तर खालचं कापड भिजलं होतं.

“सिस्टर, इकडे येता का? पिशवी सैल वाटतेय,” तिने हाक मारली.

बेबी सिस्टरांनी पडद्यातून मान वळवून फलकाकडे बघितलं. “हिरवी आहेस की तू! चोळत राहा, येते मी. इथे डोकं दिसतंय बाळाचं.”

ऋतुजा चोळत राहिली. अश्विनी म्हणाली, “सिस्टर, तहान लागली हो.” ऋतुजाने तिची नाडी बघितली. एकशे अठरा. तिने परत हाक मारली. पलीकडून त्या दुसऱ्या बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, आणि मग “आलेच, आलेच.”

त्याच वेळी खालच्या मजल्यावर ईश्वरी खंदारे या मुलीचा ठिपका लाल झाला होता. प्रणिता तिच्याजवळ होती. ईश्वरीला एका पेशंटच्या नातेवाइकाने झापलं होतं आणि तिच्या हातातली इंजेक्शनची बाटली फुटली होती. प्रणिताने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मधे एकदा टॅबवर नजर टाकली. वरच्या मजल्यावर सगळं हिरवं होतं. ती आणखी दहा मिनिटं ईश्वरीजवळ बसली.

बेबी सिस्टर पडदा सारून आल्या तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी चादर उचलली आणि डॉक्टरांच्या नावाने जी हाक मारली, ती खालच्या मजल्यावर प्रणिताला ऐकू आली.

पिशवी आवळायची इंजेक्शनं दिली. दोन्ही हातांना सलाईन लावलं. रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांनी दोन तास झुंज दिली. दुपारी अडीचला अश्विनी तायडे गेली.

बाहेर तिची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. प्रणिता डॉक्टरांबरोबर गेली. आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “अवो, आताच तर बोलली ना ती माह्यासंगं. म्हणे, आई, हिचं नाक माह्यासारखं हाय का पाह्य.” आणि तिने बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून प्रणिताला ते नाक दाखवलं.

चौकशी समिती आठवडाभरात बसली. समितीपुढे बेबी सिस्टरांनी सांगितलं की मी फलक बघितला होता, तो हिरवा होता. प्रणितानेही तेच सांगितलं. मग कंपनीच्या माणसाने पट्ट्याची नोंद पडद्यावर दाखवली. साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात ऋतुजाची नाडी सत्तर ते शहात्तर. हाताची थरथर नाही. आवाज सपाट.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. “समोर बाई रक्ताने भिजतेय आणि या मुलीची नाडी बहात्तर. याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?”

त्यांनी अर्थ घेतला. अहवालात लिहिलं गेलं की विद्यार्थिनीला परिस्थितीचं गांभीर्य कळलं नाही, तिने ती बेफिकिरीने हाताळली. तिच्या दोन हाकांचा उल्लेख होता, पण ‘पुरेशा निकडीने मारलेल्या दिसत नाहीत’ असं पुढे जोडलं होतं. ऋतुजा समितीपुढे उभी होती. विचारलं त्याला तिने ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच उत्तरं दिली.

प्रणिताला ते पटेना. केस मागे सारणारी ही मुलगी. सुरुवातीला साधी सुई टोचताना जिची नाडी एकशे तीसला जायची, ती मुलगी. दुसऱ्या दिवशी प्रणिता वसतिगृहावर गेली. ऋतुजा पेटी भरत होती.

“तुझी नाडी वाढली कशी नाही, ऋतुजा?” तिने सरळच विचारलं.

ऋतुजाने पेटीच्या कप्प्यातून गोळ्यांची एक पट्टी काढून तिच्या हातात ठेवली.

प्रणिताने नाव वाचलं. रक्तदाबाची एक जुनी, साधी, कुठेही मिळणारी गोळी. हृदयावर आणि स्नायूंवर अ‍ॅड्रेनलिनने येऊन बसायच्या ज्या जागा असतात, त्या ही गोळी आधीच अडवून ठेवते. मग अ‍ॅड्रेनलिन कितीही उसळलं तरी त्याला बसायला जागा नसते. ठोके वाढत नाहीत, हात थरथरत नाही, आवाज चढत नाही. भीती मात्र जिथल्या तिथे असते. मनाला सगळं कळत असतं, फक्त शरीर त्यातलं काही बोलत नाही.

“कधीपासून?”

“ऑगस्टपासून. रोज ड्युटीच्या आधी एक. आमच्या बॅचच्या सहा जणी घेतात, मॅडम. नावं सांगणार नाही मी.”

“पण का?”

ऋतुजाने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता, आणि तेच प्रणिताला सहन होईना. “तुम्ही म्हणालात ना, माझी हाक फार जाते म्हणून. म्हटलं, कमी करावी.”

प्रणिताला जिना आठवला. आपण काय बोललो ते आठवलं, कोणत्या पायरीवर उभ्या होतो तेही.

“त्या दिवशी फार भीती वाटली, मॅडम,” ऋतुजा म्हणाली. “इतकी कधीच वाटली नव्हती. मी आतून ओरडत होते. पण आवाज निघाला तो असा, आत्ता बोलतेय तसा. मलाच माझं ऐकून वाटलं, की फारसं काही नसेल.”

“समितीला का नाही सांगितलंस?”

“त्याने काय झालं असतं? त्या बाई परत आल्या असत्या?” तिने पेटीचं झाकण लावलं. “आणि गोळी घेतली ती मीच. पट्टा बोलणार नाही हे मला माहीत होतं. पडद्यापलीकडे चार पावलं जाऊन सिस्टरांना हाताला धरून आणायला हवं होतं मी. पण पोटावरचा हात काढला तर, असं वाटलं.”

हात काढायचा नसतो, हे प्रणितानेच शिकवलं होतं. पिशवी चोळणारा हात उचलायचा नाही, आणि तोंडाने मदत मागायची.

मूल्यमापनाचा अहवाल पाठवायला नऊ दिवस उरले होते. प्राचार्यांनी प्रणिताला बोलावून घेतलं, तेव्हा तिने त्यांना गोळीचंही सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. “आकडे तुमचेच आहेत, सोनटक्के मॅडम, आणि खरे आहेत,” ते म्हणाले. “चौऱ्याण्णव टक्के. एका मुलीने फसवणूक केली म्हणून पट्टाच वाईट का ठरवायचा? शिवाय या गोळीचं लिहिलंत तर त्या मुलीचं पुढचं सगळं संपेल. आणि तुमचंही सोपं राहणार नाही.”

प्रणिता तीन दिवस त्यावर विचार करत राहिली. मग ऋतुजाला फोन केला. ती घरी पोचली होती.

“लिहा, मॅडम,” ती म्हणाली. “बेफिकीर म्हणालेत ते मला. त्यापेक्षा घाबरट होते असं लिहा. ते खरं आहे.”

प्रणिताने चौऱ्याण्णव टक्के खोडले नाहीत. पण त्याखाली लिहिलं की हा आकडा आधार किती मिळाला ते सांगत नाही. ज्यांचं शरीर भीती दाखवतं त्यांच्यापर्यंत आधार किती लवकर पोचला, तेवढंच सांगतो. सत्तावीस क्रमांकाचा तो जुना परिच्छेद तिने तसाच ठेवला आणि पुढे जुलैमधला प्रसंग तारखेसह, स्वतःच्या नावासह लिहिला, आणि त्यानंतर सुरू झालेल्या गोळीचंही लिहिलं. जिन्यात बोललेली वाक्यं शब्दशः दिली. शेवटी शिफारस केली: दर पंधरा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका, वॉर्डातल्या हलवलेल्या सिस्टर परत, आणि मुलीने तोंडाने मारलेल्या हाकेला फलक न बघता जायचं.

उत्तर जूनमध्ये आलं. पट्टे राज्यातल्या सगळ्या कॉलेजांना मंजूर झाले होते. अहवालातील निरीक्षणांची गंभीर दखल घेण्यात आली असून, पट्ट्याच्या नव्या आवृत्तीत घामावरून औषध ओळखण्याची सोय असेल, असं पत्रात म्हटलं होतं. शिक्षिकांचा उल्लेख नव्हता. ऋतुजा आडे हिला कॉलेजातून कमी केल्याचं वेगळं पत्र होतं. प्रणिताची बदली दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात झाली. तिथे विद्यार्थिनी नव्हत्या.

रुजू व्हायच्या आधी ती पुसदला जाऊन तांड्यावर गेली. ऋतुजाच्या वडिलांनी बाज टाकली, आईने चहा केला. कोणी काही वावगं बोललं नाही. ऋतुजा आता तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात जात होती. सुट्टीचा दिवस होता म्हणून घरी होती.

“मॅडम, एक विचारू?” चहा झाल्यावर ती म्हणाली. “मी तुम्हाला फोन केला असता त्या दिवशी, पोटावर एक हात ठेवून, तर तुम्ही आल्या असत्या?”

प्रणिताच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. ते तिने बाहेर येऊ दिलं नाही.

“आधी टॅब बघितला असता,” ती म्हणाली. “तू हिरवी होतीस. ईश्वरी रडत होती. पाच मिनिटांत येते, असं म्हटलं असतं मी.”

ऋतुजाने मान हलवली. “मलाही तसंच वाटलं होतं.”

थोड्या वेळाने ऋतुजाची वहिनी बाहेर आली. सातवा महिना होता. ती संकोचत प्रणिताजवळ बसली. “मॅडम, बाळ आडवं आहे म्हणाली तांड्यावरची आशाताई. तुम्ही बघता का जरा? नणंदबाईंना म्हटलं, तर त्या नाही म्हणतात.”

आतल्या खोलीत प्रणिताने तिला चटईवर निजवलं आणि दोन्ही हातांनी पोट चाचपलं. एका कुशीला डोकं, टणक आणि गोल. दुसऱ्या कुशीला मऊ ढुंगण. आडवंच होतं, पण फिरायला अजून भरपूर वेळ होता. ती तसं वहिनीला म्हणाली. मग तिने दाराकडे बघितलं. ऋतुजा चौकटीला टेकून उभी होती.

“ये,” प्रणिता म्हणाली. “तूही हात लावून बघ. मी आहे ना इथे.”

वहिनीनेही मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि पोटावरचा पदर आणखी थोडा बाजूला केला.

ऋतुजा एक पाऊल आत आली. तिथेच थांबली. “वहिनी, पाणी आणते तुम्हाला,” ती म्हणाली, आणि मागे वळून स्वयंपाकघराकडे निघून गेली. तांब्या भरल्याचा आवाज आला, मग माठावर झाकण ठेवल्याचा. प्रणिता पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली. आतलं बाळ हलत होतं. पाणी घेऊन आली ती ऋतुजाची आई.